ती ओळ आपली न्हाई

१

आमच्या घरात एक नियम आहे, आणि तो का आहे हे विचारायचं नाही हा त्याच नियमाचा भाग आहे.

लग्नाची हळद दळताना जात्यावर एक गाणं म्हणायचं. गाणं चार ओळींचं. पहिल्या दोन ओळी सगळ्या बायकांनी मिळून म्हणायच्या. तिसरी ओळ म्हणायची नाही. तिच्या जागी, एक ओळ म्हणून होईल एवढा वेळ, सगळ्यांनी गप्प बसायचं. जात्यावर बसलेल्या बाईनं खुंट्यावरचे हात काढून मांडीवर ठेवायचे. मग चौथी ओळ उचलायची, हात परत खुंट्यावर, आणि पुन्हा पहिल्यापासून.

पल्याडल्या गावची बाई, पदरामंदी माती,
माझ्या जात्यापाशी बसली, न्हाई पुसली जाती...

आणि मग ती शांतता. आणि मग,

दोघी मिळून दळू म्हनती, सरंना कधी राती.

जात्यावर एरवी दोघी समोरासमोर बसतात. या गाण्याला एकटी माझी आत्या बसायची, ठकुबाई. समोर दुसरा पाट मांडायचा आणि तो रिकामा ठेवायचा.

लहानपणी मी केसरकाकूला, माझ्या थोरल्या चुलतीला, विचारलं होतं, "मधली ओळ कुठंय?" तिनं माझ्या दंडाला असा चिमटा काढला की वळ दोन दिवस होता. "ती ओळ आपली न्हाई," ती म्हणाली.

"मग कुणाची?"

दुसरा चिमटा.

पुढे कॉलेजात गेल्यावर मी स्वतःच उत्तर काढलं. कुठल्या तरी खालच्या मानलेल्या जातीच्या बाईकडून गाणं उचललं असणार, तिचं नाव त्या ओळीत असणार, आणि आमच्या लोकांनी ते गिळलं असणार. यांच्याकडून मला हीच अपेक्षा होती. मला राग यायचा आणि राग आला की मला सगळं समजलंय असं वाटायचं.

२

माझ्या धाकट्या भावाचं, स्वराजचं लग्न ठरलं तेव्हा हळदीचं दळण मुद्दाम गुरुवारी धरलं. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, त्यामुळे गावातल्या सगळ्या बायका मोकळ्या. आमचं गाव चाकणच्या पुढं. जमीन कंपन्यांनी घेतली, त्या पैशातून तात्यांनी, म्हणजे माझ्या मोठ्या चुलत्यांनी, गेनबा पाटलांनी, तीन मजली घर बांधलं. वर दोन मजल्यांवर भाड्याच्या खोल्या, त्यात कंपनीतली पोरं. खाली आम्ही. वडील गेल्यापासून मी, आई आणि स्वराज तात्यांच्याच शब्दात राहतो. जातं जिन्याखाली, पाण्याच्या मोटरशेजारी असतं. एरवी त्यावर चपलांचं खोकं.

त्या दिवशी जातं धुऊन, त्याला हळदीकुंकू लावून बसवलं होतं. आत्या एका पाटावर, समोर दुसरा रिकामा. भोवती बायकांचं कोंडाळं. मी पायरीवर बसून मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करत होते. माझा हेतू साधा होता. आत्याचा गळा बसत चालला होता. तिच्यानंतर हे गाणं म्हणणारी कुणी नव्हती, आणि ते कुठंतरी राहावं असं मला वाटत होतं. नियमाचा राग वेगळा, चालीचा नाही. चाल फार सुंदर आहे.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये इयरफोन लावून ऐकलं. दोन ओळी आल्या. बायका गप्प झाल्या. बांगड्या थांबल्या. कुणाचं तरी पोर कुरकुरलं, कुणीतरी त्याला 'श्शू' केलं.

आणि जातं चालू होतं.

मी मागं नेऊन परत ऐकलं. आत्यानं हात काढले होते, ते मी स्वतः पाहिलं होतं. जातं हात काढल्यावर वजनानं थोडं फिरतं, हे मला कळतं. पण ते मंदावत जातं. हे मंदावत नव्हतं. उलट आत्याच्या हाताखाली त्याची घरघर जरा अडखळत होती, आणि त्या एका ओळीपुरती ती सरळ, सफाईनं, सवयीच्या हातानं ओढल्यासारखी येत होती.

पलीकडच्या शेडमधल्या प्रेसचा, पत्रा ठोकणाऱ्या मशीनचा, हादरा असेल, मी स्वतःला सांगितलं. आमच्याकडे हादऱ्यानं कपाटातल्या वाट्या वाजतात.

बस तळेगाव फाट्याला वळली तेव्हा आठवलं, काल गुरुवार होता. सगळे प्रेस बंद होते.

३

मी एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला आहे. त्या महिन्यात नवी मशीन बसवायला ग्रीसहून एक बाई आली होती, फोतिनी. पन्नाशीची, आखूड केसांची, कॅन्टीनच्या मिसळीवर दोनदा तर्री घेणारी. आमचे मॅनेजर तिला घाबरायचे, म्हणून मला ती आवडायची.

मी जेवताना तेच रेकॉर्डिंग ऐकत होते. इयरफोनची पिन सैल होती, आवाज बाहेर आला. फोतिनी चमचा धरून थांबली.

"हे तुझ्याकडे कुठून आलं?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"आमच्या घरचं गाणं आहे."

"नाही," ती म्हणाली. "आमच्या घरचं आहे."

मला हसू आलं. तिला आलं नाही. तिनं डोळे मिटले आणि गुणगुणायला लागली. शब्द वेगळे, पण चाल हीच. पहिली ओळ. दुसरी ओळ. दुसऱ्या ओळीच्या शेवटी ती थांबली, आणि तिनं टेबलावरचे दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

मी मोजलं नाही, पण मला मोजायची गरज नव्हती. ती शांतता मी लहानपणापासून ओळखते.

मग तिनं हात वर घेतले आणि चौथी ओळ म्हणाली.

"हात का काढलेस?" मी विचारलं. माझा आवाज मलाच पातळ वाटला.

तिनं हातांकडे पाहिलं. "काढले का? आजी काढायची."

तिनं अर्थ सांगितला. समुद्रापलीकडची बाई, ओच्यात माती घेऊन येते, जात्यापाशी बसते. या गाण्यावरून तिकडे मोठी भांडणं आहेत म्हणे. ग्रीक म्हणतात आमचं, तुर्क म्हणतात आमचं, आणखी दोन-तीन देशांचे लोक म्हणतात आमचं. प्राध्यापक सभांमध्ये एकमेकांवर ओरडतात. एका गावानं तर चौकात दगडाची पाटी लावली आहे, हे गाणं इथं जन्मलं म्हणून.

"आणि तिसरी ओळ?" मी विचारलं.

"ती कुणाकडेच नाही," फोतिनी म्हणाली. "मजा बघ. गाण्यावर सगळे हक्क सांगतात. त्या ओळीवर कुणी सांगत नाही."

४

घरी येऊन मी हे जेवताना सांगितलं. तोवर लग्न होऊन करिष्मा घरात आली होती. तिचं माहेर थेरगावचं, डांगे चौकाच्या मागं. मूळची लातूरकडची माणसं, वडील भोसरीला एका वर्कशॉपमध्ये.

स्वराज खो खो हसला. "म्हणजे काय, ताई? सिकंदर चाकणला ओव्हरटाइम मारायला आलता का?"

"कुणाचं गानं?" तात्यांनी भाकरी खाली ठेवली. "आमचं हाय ते. माज्या आज्ज्याच्या आज्जीपासनं. गोऱ्या बाईनं ऐकलं आसंल कुठंतरी मोबाइलवर. आज चाल चोरली, उद्या म्हनंल शिवनेरी बी आमचीच."

"तात्या, तिची आजी नव्वद वर्षांपूर्वी म्हणायची."

"तू व्हतीस का बघायला?"

करिष्मा ताट वाढत होती. ती हळूच म्हणाली, "आमच्याकडं बी हाय हे गाणं. माझी आजी म्हणायची. मधली ओळ सोडून देतेत, तेच ना?"

जेवणाऱ्यांचे हात थांबले. केसरकाकूनं तिच्याकडं असं बघितलं जसं मला लहानपणी बघितलं होतं. "तुमच्याकडं कसं आसंल गं? आमच्यातनंच कुनीतरी नेलं आसंल तिकडं. नाव नको लावू आमच्या गान्याला, नवी नवरी हायस."

करिष्मा पुढच्या ताटाकडं वळली. आईनं माझ्या ताटात आमटी ओतली, मी मागितली नसताना. आईची गप्प करायची पद्धत तीच आहे.

आत्या कोपऱ्यात भाकरी कुस्करत होती. तिचा घसा आता नुसता खरखरत होता. ती माझ्याकडं बघून पुटपुटली, "त्या बाईला इचार. त्यांच्यात कोन बसतं?"

"काय म्हणालीस, आत्या?"

"ठकू, जेव," तात्या म्हणाले.

ती जेवली.

५

पुढच्या गुरुवारी दुपारी मी घरी होते. वरची पोरं सिनेमाला गेली होती. काकू आणि आई तेराव्याला शेजारच्या गावी. करिष्मा आणि स्वराज थेरगावला. आमच्या भागात गुरुवारची दुपार ही विचित्र गोष्ट आहे. सहा दिवस जमीन हादरत असते, तेव्हा तिची सवय होते. हादरा थांबला की कान शोधायला लागतात.

मला घरघर ऐकू आली.

पाण्याची मोटर, मी म्हटलं. पण मोटरचं बटण माझ्या समोर भिंतीवर होतं, आणि ते बंद होतं.

मी जिन्याखाली गेले. चपलांचं खोकं बाजूला काढून ठेवलेलं. आत्या आपल्या पाटावर बसलेली, पाठ भिंतीला. समोर दुसरा पाट. जात्यात कुणीतरी उरलेली हळकुंडं टाकली होती. जात्याची वरची पाळू फिरत होती. आत्याचे दोन्ही हात मांडीवर होते, तळवे वर, जसं कुणी दमून ठेवतं.

मला बघितल्यावर तिनं घाईनं खुंटा धरला. एका क्षणात. नंतर मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला की तिनं आधीपासूनच धरला असेल, मला अंधारात दिसलं नसेल. पण अंधार नव्हता. दुपार होती.

"आत्या, एकटी कशाला दळतेस?"

ती समोरच्या पाटाकडं बघत राहिली.

फरशीवर हळदीची भुकटी पसरली होती. जात्याच्या भोवती सगळीकडे सारखी, पिवळी, मऊ. फक्त रिकाम्या पाटाच्या पुढं ती नव्हती. तिथं फरशी दोन ठिकाणी स्वच्छ होती. दोन गोल, शेजारी शेजारी, मांडी घालून बसलं की गुडघे टेकतात तिथं. मी बघत असताना पाळूच्या कडेनं भुकटी उडत होती आणि त्या दोन जागा सोडून खाली बसत होती.

मी वाकले. फुंकर घातली. भुकटी उडाली, तरंगली, आणि परत खाली आली. त्या दोन जागा तशाच.

वाऱ्याचा झोत असेल. दाराच्या फटीतून. मी जवळ सरकले.

"सरक मागं," आत्या कुजबुजली. तिच्या बोलण्यात भीती नव्हती. शेजारणीला सांगावं तसं ती म्हणाली. "तिचा पदर हाय तुज्या पायाखाली."

मी पाय उचलला. खाली चिमूटभर माती होती. पांढरट, खडूसारखी. आमच्याकडं तसली माती कुठंच नाही.

मी पळाले नाही, एवढंच मी माझ्या बाजूनं सांगू शकते. मी चालत बाहेर आले. अंगणात तुळशीपाशी उभी राहिले आणि मला आधी भीती वाटली नाही, राग आला. कारण मला दिसलं की आत्याला सवय आहे. किती वर्षांची सवय.

६

मी आईला गाठलं. ती धुणं वाळत घालत होती.

"आत्याला जात्यावर कुणी बसवलं?"

"विचारू नको."

"आई, मी विचारतेय."

आईनं चिमटा तोंडातून काढला. "तात्यांच्या लग्नात. आधीची बाई म्हातारी होऊन गेली होती. ठकूवन्सं सोळाच्या होत्या. वर्गात पहिल्या यायच्या म्हणे. तात्या म्हणाले, एक दिवस बस, रीत म्हणून."

"आणि मग?"

"मग काय. पुढं लग्न लावून दिलं, महिन्यात परत पाठवल्या. रात्री झोपेत गायच्या. नवऱ्याला शब्द कळेनात. कुठलीच भाषा नव्हती म्हणे ती. तेव्हापासून इथंच."

"आणि हे सगळ्यांना माहीत आहे?"

"एक बाई धरून ठेवावी लागते," आई म्हणाली. "मग बाकीच्यांना त्रास होत नाही." तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "तू नव्हतीस त्या वेळी. एका वर्षी कुणी बसलं नव्हतं..." आणि तिनं तात्यांचा शर्ट झटकला, इतक्या जोरात की बटण तुटलं.

फोतिनी तोवर परत गेली होती. मी तिला फोन लावला. तिकडे सकाळ होती, मागं भांड्यांचा आवाज.

"तुमच्यात कोण बसायचं?" मी विचारलं.

आईला विचारून सांगते म्हणून तिनं फोन ठेवला, आणि तासाभरानं तिनंच परत लावला. मग म्हणाली, "तू हे मला विचारलंस म्हणून मी आईला विचारलं. ती रागावली. मग रडली. तिची मावशी बसायची. आणि तिनं आणखी एक सांगितलं. हे जे भांडण आहे ना, आमचं गाणं, आमचं गाणं, हे नवं आहे. टीव्ही आल्यापासूनचं. आईच्या लहानपणी उलटं होतं. आमचे लोक शपथ घेऊन सांगायचे की हे तुर्कांचं आहे. तुर्क म्हणायचे ग्रीकांचं आहे. प्रत्येक गाव म्हणायचं, हे आमचं नाही, डोंगरापलीकडून आलंय, तिकडे द्या."

"का?"

"ज्यांचं गाणं, त्यांची बाई बसणार," फोतिनी म्हणाली. "म्हणून."

मी फोन ठेवला. बाहेर प्रेस धडधडत होते, दुसरी शिफ्ट चालू झाली होती. तरी मी कान लावून बसले होते, त्या धडधडीच्या खाली.

७

आत्याचा आवाज पुरता गेला. डॉक्टर म्हणाले, गळा झिजलाय, अति वापर. "गाणं-बिणं शिकवतात का या?" त्यांनी विचारलं.

त्यानंतर घरात वडीलधाऱ्यांची कुजबुज सुरू झाली. मी खोलीत आले की थांबायची. आणि एका सकाळी मी आंघोळ करून बाहेर आले तर जिन्याखालचं जातं पुसून, हळदीकुंकू लावून तयार. दोन पाट. करिष्मा हिरवी साडी नेसून एका पाटावर बसलेली, हातात नवा चुडा. ती जात्याकडं न बघता स्वराजकडं बघत होती. स्वराज मोबाइलकडं बघत होता. आत्याला खुर्चीवर बसवलं होतं, चादर लपेटून.

"काय चाललंय?"

"सुनंचं पयलं दळन," केसरकाकू म्हणाली. "रीत हाय."

"कुठली रीत? तुझ्या वेळी नव्हती. आईच्या वेळी नव्हती."

तात्या जिन्यासमोरच्या पलंगावर बसले होते, हातात पानाची चंची. ते अगदी मऊ आवाजात बोलले. तात्या मऊ बोलले की समजावं. "आगं, मी इचार केला. ही पोरगी खरं बोलली. गानं हिच्याच मुलखातलं हाय. लातूरकडनंच आलं आसनार आपल्यात. जिचं गानं तिनं म्हनावं. मानाची गोष्ट हाय ती."

मला एकदम हसायला आलं, आणि ते हसू फार घाण होतं.

"महिन्यापूर्वी शिवनेरीपर्यंत गेला होता, तात्या. आज्याच्या आजीचं गाणं. आज एकदम लातूरचं झालं?"

"तोंड सांभाळ."

"बाई द्यायची वेळ आली की गाणं दुसऱ्याचं. आणि मिरवायची वेळ आली की आपलं."

करिष्मानं मान वर केली. "बाई द्यायची म्हंजे काय, ताई?"

"ती काय बी बडबडती," काकू म्हणाली. "शिकून डोकं फिरलंय. तू हात लाव पोरी, खुंट्याला."

"स्वराज," मी म्हटलं, "तुझी बायको आहे ती."

तो मान खाली घालून म्हणाला, "एक दिवसाचंच तर आहे, ताई. तात्या म्हणतात ना..."

"आत्यालाही एकच दिवस सांगितलं होतं. विचार तिला. तिला सांगता येणार नाही, पण विचार."

आत्या चादरीतून आमच्याकडं बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती रिकाम्या पाटाच्या जरा वर बघायची, मग माझ्याकडं. पुन्हा पाटाकडं. सांगायचं होतं तिला काहीतरी, की थांबवायचं होतं, मला कळलं नाही.

तात्या उठले. "लई माया आली आसंल तर तू बस. सत्तावीस वर्सांची घोडी झालीस, तुला तरी कुठं नांदायला जायचंय?"

काकू हसली. आई हसली नाही, पण ती म्हणाली. हे मी तिला कधी माफ करणार नाही. ती म्हणाली, "बस गं बाई एकदाची. भांडू नको. बस आणि विचारू नको."

क्षणभर मला खरंच वाटलं, बसावं. रागानंच. खुंटा धरावा, आणि ती ओळ आली की हात न काढता समोर बघावं, आहेस तर ये म्हणावं. माझे पाय एक पाऊल पुढं गेलेसुद्धा. आणि मला जाणवलं की माझा राग त्यांना चालतोय. तात्यांचे खांदे सैल झाले होते. रागानं बसली काय, रडत बसली काय, बसली म्हणजे झालं.

मी करिष्माचा दंड धरला. "ऊठ."

"ताई..."

"ऊठ म्हणतेय ना."

ती उठली. चुडा भिंतीला आपटून वाजला.

"ही बसणार नाही," मी म्हटलं. "मी बसणार नाही. आत्या परत बसणार नाही. आपलं असेल, लातूरचं असेल, समुद्रापलीकडचं असेल, मला घेणं नाही. गाणं घराचं आहे ना? मग घराच्या मालकानं बसावं. बसा तात्या."

"बाप्या मानूस बसतो व्हय जात्यावर?"

"मग आजपासून कुणीच बसत नाही."

मी खाली वाकले आणि रिकामा पाट दोन्ही हातांनी धरला. साधा सागवानी पाट, मी शंभरदा उचललेला. तो उचलेना. मी जोर लावला. आणि मग तो अर्ध्यात एकदम हलका होऊन वर आला, त्याच्यावरचं कुणीतरी उठल्यासारखा. मी तोल सावरला. पाट छातीशी धरून उभी राहिले.

माझ्या अंगावरून काहीतरी गेलं, वाळत घातलेल्या साडीचं टोक लागून जावं तसं. चार भिंतींच्या आत. त्यांच्या दिशेनं.

तात्यांनी मला शिवी द्यायला तोंड उघडलं.

आवाज आला नाही.

काकूनं छातीवर हात ठेवला आणि ती किंचाळली असावी, कारण तिच्या मानेच्या शिरा वर आल्या. तिचाही आला नाही. आईनं तोंडाला पदर लावला. स्वराज "काय झालं? तात्या? आई?" असं एकटाच ओरडत होता, आणि त्याचा आवाज भिंतींवर आदळत होता.

करिष्मानं माझी ओढणी घट्ट धरली. "ताई, ते बोलत का नाहीत?"

"लाज वाटली असेल," मी म्हटलं. लाजेनं माणसं गप्प होतात. वयाचा मान, घराचा मान, कुणी तोंडावर बोललं तर घसा दाटून येतो. मला अजूनही असंच म्हणायचं आहे.

पण आईच्या पदरामागं काहीतरी हलत होतं, म्हणून मी तात्यांकडं पाहिलं, मग काकूकडं. तिघांचे ओठ हलत होते. एकाच वेळी, सारखेच, एका तालात. जेवढा वेळ ती गाळलेली ओळ म्हणायला लागते तेवढा वेळ गेला. ओठ थांबले नाहीत. पुन्हा पहिल्यापासून हलायला लागले.

तात्या डोळ्यांनी मला विनवत होते. पाटाकडं बोट करत होते, खाली ठेव, खाली ठेव.

मी पाट खाली ठेवला नाही.